साइड मार्जिनमधलं कापसाचं शेड : एका कॉलनीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाबाहेर बिगरशेती झालेली कॉलनी, चाळीसेक प्लॉट, बहुतेक ३० बाय ५० फुटांचे. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि या कॉलनीतल्या निम्म्या घरांचे नकाशे माझ्याच हातचे. ही गोष्ट दोन्ही घरांच्या परवानगीने लिहितोय. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पश्चिमेचं घर जिभाऊंचं. शेती अकरा किलोमीटरवर मूळ गावी, मुलांच्या शाळेसाठी इथे येऊन राहिलेले. पूर्वेचं घर अक्कांचं. यजमान गेले, मुलगा पुण्याला, अक्का एकट्या. दोन्ही घरं २००६ ची. मधली साडेचार फुटी भिंत दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून बांधलेली. सोळा वर्षं त्या भिंतीवरून भाजी, ताक, निरोप, सगळं इकडून तिकडे गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकमेकांच्या लेकी दोन्ही घरी जेवायच्या.

जिभाऊंच्या मंजूर नकाशात भिंतीलगत दीड मीटर, म्हणजे पाच फूट जागा मोकळी सोडलेली. आपल्याकडे त्याला सगळे साइड मार्जिनच म्हणतात. अक्कांनी त्या बाजूला पुढेमागे जिना करू म्हणून दहा फूट सोडले होते. जिना झालाच नाही. तिथे अंगण झालं, आणि त्या अंगणावर अक्कांचा उन्हाळ्याचा सगळा संसार चालायचा. माघ संपता संपता ज्वारी भिजत पडते. ती दळून घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर बिबडे थापायचे आणि कापड बाजेवर पसरायचं. बचत गटातल्या आणखी तिघी येतात. पापड, कुरडया, बिबडे असा तीन महिने माल निघतो आणि पुण्या-नाशिकपर्यंत जातो. अक्कांची वरकमाई तीच.

शेड कसं उभं राहिलं

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा पल्ला ओलांडला होता. पुढच्या वर्षी खान्देशात ज्याच्या त्याच्या डोक्यात तोच आकडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये भाव साडेआठ हजारांच्या आसपास होता आणि लोक माल घरात भरून थांबले. जिभाऊंकडे पंचेचाळीस क्विंटल आला. हॉल आणि मागची खोली छतापर्यंत भरली. नात रात्रभर अंग खाजवायची. कापूस घरात ठेवला की अंगावर पुरळ येतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग साइड मार्जिनमध्ये शेड घालायचं ठरलं. लांबी सव्वीस फूट, रुंदी पूर्ण पाच फूट. लोखंडी (एम.एस.) पाइप काँक्रीटमध्ये रोवलेले, वर कलर पत्रे. भिंत ठेंगणी पडत होती म्हणून तिच्यावर चार फूट उभे पत्रे ठोकले. छपराचा उतार अक्कांच्या बाजूला दिला, कारण जिभाऊंच्या बाजूला खिडक्या होत्या. छपराची कड भिंतीच्या पलीकडे नऊ इंच गेली. फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसांत काम उरकलं.

यात माझा वाटा आहे तो आधीच सांगतो. काम सुरू होण्याआधी तो फॅब्रिकेशनवाला मला चहाच्या टपरीवर भेटला होता. म्हणाला, "भाऊ, जिभाऊंकडे साइडला पत्रे टाकायचेत. काही अडचण?" मी म्हणालो, "टाक, कॉलनीत सगळ्यांचेच आहेत." कुठली बाजू, किती उंची, पाणी कुठे जाणार, काहीच विचारलं नाही. माझ्याच नकाशात मोकळी दाखवलेली जागा होती ती. त्या एका वाक्याची टोचणी मला अजून आहे.

अडचण

अक्का तीन महिने काही बोलल्या नाहीत. फेब्रुवारीत पहिली बाज अंगणात टाकली तेव्हा खरी अडचण समोर आली. साडेचार फुटांच्या भिंतीची सावली दुपारी भिंतीजवळच राहायची. साडेआठ फुटांपर्यंत गेलेल्या पत्र्याची सावली तीननंतर अख्खं अंगण व्यापू लागली. बिबडे एका दिवसात कडक वाळले तर टिकतात. संध्याकाळी कापडावरून सोडवताना ते मऊ लागले की दुसऱ्या दिवशी वास धरतात. बाज पुढे रस्त्याच्या बाजूला नेली तर धूळ, गच्चीवर न्यायची तर अक्कांचे गुडघे. मला म्हणाल्या, "मनं ऊनच चोरी लिधं त्यासनी."

त्यात स्वयंपाकघराची खिडकी बरोबर शेडसमोर. हवा बंद झाली, आणि गॅसच्या शेगडीपासून काही फुटांवर पंचवीस क्विंटल सुटा कापूस.

६ मार्चला होळी होती. त्याच दोन-तीन दिवसांत आपल्या पट्ट्यात अवकाळी आला. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दणकून पाऊस झाला आणि शेडच्या छपराचं सगळं पाणी एका सरळ रेषेत अक्कांच्या अंगणात कोसळलं. दोन बाजांवरचा माल गेला. हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ते छप्पर चौदा चौरस मीटरचं. इंचभर पावसात साडेतीनशे लिटर, तेही एकाच ओळीत, अक्कांच्या घराच्या पायाशेजारी. आपली जमीन काळी. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि पायाच्या एकाच बाजूला पाणी मुरत राहिलं तर घर त्याची किंमत मोजतं. म्हणून इंजिनिअर म्हणून मला उन्हापेक्षा या पाण्याची जास्त धास्ती वाटली.

होळीला अक्कांचा मुलगा आला होता. त्याने ओलं अंगण पाहिलं, भिंतीवरून दोन शब्द वाढले, जिभाऊंचा मुलगाही पुढे सरसावला. तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेत लेखी तक्रार गेली. आठवड्याभरात जिभाऊंनी उलट तक्रार केली : अक्कांचं मागचं बाथरूम मार्जिनमध्ये आहे, आणि कॉलनीत आणखी आठ शेड आहेत, मग नोटीस एकालाच का? भिंतीवरून ताक जायचं थांबलं.

नियम काय म्हणतात

दोघांकडेही मोबाइलवरून गोळा केलेलं कायद्याचं ज्ञान होतं आणि दोघांचंही अर्धवट होतं. म्हणून मी दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं ते असं.

चार पाइपांवर पत्रा टाकला तरी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या लेखी ते बांधकामच. परवानगी लागते, आणि विनापरवाना असेल तर कलम ५३ खाली काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पावसाळ्यापुरत्या तात्पुरत्या आच्छादनाला परवानगी मिळू शकते, पण तीही मागावी लागते आणि मुदतीची असते. नोव्हेंबरात काँक्रीटमध्ये रोवलेल्या पाइपांना तात्पुरतं म्हणता येत नाही. कंपाउंड वॉलची उंची साधारणपणे दीड मीटर. २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण तेव्हा वरचा ०.९ मीटर भाग जाळी किंवा रेलिंगचा, आरपार दिसणारा हवा. उभा पत्रा त्यात बसत नाही.

अक्कांच्या मुलाचा सगळा भर उजेड-वाऱ्याच्या हक्कावर होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तो हक्क वहिवाटीने मिळायला वीस वर्षं अखंड जावी लागतात आणि तो खिडकीतून येणाऱ्या उजेड-हवेचा असतो. घर सतरा वर्षांचं, आणि अंगणातल्या उन्हाचा असा हक्क नाहीच. म्हणजे अक्कांचं सर्वांत मोठं दुःख कायद्यात सर्वांत कच्चं होतं. पक्की बाजू वेगळीच होती : नऊ इंच छप्पर त्यांच्या हद्दीवर आलं होतं आणि त्याचं पाणी त्यांच्या जागेत पडत होतं. ही गोष्ट त्यांना सांगणं मला जड गेलं. "म्हणजे पानी खरं आनि ऊन खोटं?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

जिभाऊंना सांगायचं ते दुसरंच होतं. अक्का उद्या "असू द्या" म्हणाल्या तरी ते शेड कायदेशीर होणार नव्हतं. शेजाऱ्याची संमती ही परवानगीच्या जागी चालत नाही. आणि "सगळ्यांचेच आहेत" हा बचाव नगरपरिषदेपुढे टिकत नाही. तो मीच त्यांच्या हाती दिला होता, म्हणून हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, नोटिशीचा पाठपुरावा करून नगरपरिषदेकडून शेड पाडून घ्यायचं. कायद्याने सरळ, पण जिभाऊंच्या उलट तक्रारीमुळे अक्कांचं बाथरूम आणि बाकीचे आठ शेड त्याच फाइलवर आले असते. कॉलनीतली आठ घरं एका विधवा बाईच्या विरोधात उभी राहिली असती आणि मुलगा पुण्याला निघून गेला असता.

दुसरा, दिवाणी दावा आणि मनाई हुकूम. हद्दीवरच्या छपरासाठी तो मिळण्याची शक्यता चांगली होती, पण अक्कांना कोर्टाची पायरी नको होती.

तिसरा पर्याय कॉलनी मंडळाने सुचवला : शेड तसंच ठेवा, फक्त पन्हळ लावा. स्वस्त, झटपट, आणि बऱ्याच जणांना आवडलेला. मी विरोध केला. पन्हळीने पाणी थांबलं असतं, पण सावली, खिडकी आणि आगीचा धोका तसाच राहिला असता. शिवाय मंडळ नोंदणीकृत नाही. गणपती आणि बोअरची मोटर सांभाळणाऱ्या मंडळाने मार्जिनमधलं बांधकाम चालवून घ्यायचं ठरवलं तरी त्याला अर्थ नव्हता.

चौथा, हद्दीची मोजणी करून दोघांनी समोरासमोर बसायचं आणि शेड टप्प्याने काढायचं. माझा कल याकडे होता. अडचण एकच : काढलं तर माल कुठे?

निर्णयाची जागा

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी जिभाऊंच्या ओट्यावर बसलो होतो. नोटीस हातात, चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, माल कोठे ठेवू मी? डोकावर?" तोवर मी, मंडळ, अक्कांचा मुलगा, नगरपरिषदेचे कर्मचारी, सगळे शेडबद्दल बोललो होतो. शेड का लागलं, हे पाच महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "गावना घरमा काबरं नही ठेवत?" म्हणजे गावच्या घरात का नाही ठेवत?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूहळू निघालं. मूळ गावी वडिलोपार्जित घर आहे, मातीच्या धाब्याचं, जाड भिंती, मोठी कोठीची खोली. तिथे धाकटा भाऊ राहतो. वाटणीवरून चार वर्षं दोघं बोलत नव्हते. पूर्वी दर वर्षी कापूस त्याच खोलीत पडायचा. बोलणं बंद झाल्यापासून तो तालुक्याच्या घरी येऊ लागला. पहिली तीन वर्षं माल कमी होता, हॉलमध्ये मावला. यंदा भाव वाढेल अशी आशा होती म्हणून सगळाच राहिला.

म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात पडलेली सावली अकरा किलोमीटरवरच्या भाऊबंदकीची होती. नियमाच्या कुठल्याही पुस्तकात मला ती सापडली नसती.

काय केलं

धाकट्या भावाकडे मी गेलो नाही, ते माझं काम नव्हतं. जिभाऊंच्या बहिणीला फोन करा, एवढं सुचवलं. आखाजीला ती येणारच होती, ती बरीच आधी आली. दोघा भावांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला : खोली मिळाली, हंगामाचं भाडं ठरलं.

दरम्यान भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला. फी निम्मी-निम्मी. दोन अर्ज वेगवेगळे गेले असते तर दोन नकाशांवरून आणखी वर्षभर भांडण चाललं असतं. मोजणीच्या दिवशी दोघंही घरचे कपडे घालून खुणा बघायला उभे. निकाल असा निघाला की भिंत तिरपी होती. पुढच्या टोकाला ती तीन इंच जिभाऊंच्या हद्दीत, मागच्या टोकाला चार इंच अक्कांच्या. २००६ मध्ये गवंड्याने दोरी जशी धरली तशी. अक्कांचा मुलगा लगेच चार इंचांबद्दल बोलू लागला, तेव्हा अक्काच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." भिंत आहे तशी ठेवायची हे तिथेच ठरलं आणि लिहून घेतलं.

त्यानंतर शेड तीन टप्प्यांत निघालं. आधी नऊ इंचांची कड कापली, त्याच दिवशी. मग भिंतीवरचे उभे पत्रे, दोन दिवसांत. शेवटी माल हलवून झाल्यावर पूर्ण छप्पर आणि पाइप. मुदत आखाजीपर्यंतची ठेवली. २०२३ ची आखाजी २२ एप्रिलला होती. तारीख मुद्दाम तीच घेतली, कारण दोन्ही घरी लेकी येणार होत्या आणि त्या दिवशी मान खाली घालून बसायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटचा पाइप २० तारखेला निघाला. सांगाडा ट्रॉलीत घालून मूळ गावी नेला, तिथे आता गुरांचा गोठा आहे.

करार शंभराच्या स्टँपवर झाला. मी तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत दाखलपूर्व तडजोड नोंदवा म्हणून सुचवलं होतं, कारण तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि साध्या स्टँपला नसतं. दोघंही म्हणाले, "कोर्टाचं नाव नको." मी फार ताणलं नाही.

निष्पत्ती

शेड गेलं, नोटीस निकाली निघाली. अक्कांच्या बाथरूमचं काय करायचं ते अजून नगरपरिषदेच्या फाइलवर आहे. नियमित करण्यासाठी अर्ज केला आहे, उत्तर यायचं आहे. कॉलनीतल्या आठ शेडपैकी तीन लोकांनी स्वतःहून काढले. पाच आहेत तसेच आहेत. त्यातल्या दोघांनी पाणी आपल्या बाजूला वळवलं, एवढीच सुधारणा.

जिभाऊंना कापसाने साथ दिली नाही. भाव वाढायच्या ऐवजी उतरला आणि मेमध्ये त्यांनी सात-साडेसात हजारांच्या घरात माल दिला. शेडचा खर्च वेगळा.

अक्कांच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग होती. ती शेडच्या पाण्याने पडली, यावर त्या ठाम होत्या. मला ती जुनी वाटली, कडेला जुन्या रंगाचे थर होते. वाद घालण्यापेक्षा मी भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. घर हललं तर काच तडकते. दोन पावसाळे गेले, काच अखंड आहे. जिभाऊंनी तरीही त्या भिंतीचं प्लास्टर स्वतःच्या खर्चाने करून दिलं, पट्टीभोवतीची जागा सोडून.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी माझं. नोव्हेंबरातल्या त्या टपरीवर मी दोन मिनिटं घेतली असती आणि "पाणी कोणीकडे काढतोस?" एवढंच विचारलं असतं, तर निदान उतार फिरला असता. आता त्या फॅब्रिकेशनवाल्याला मी स्वतः सांगून ठेवलंय : मार्जिनमध्ये काम आलं की आधी फोन कर, नकाशा मी फुकट बघून देतो. त्याने त्यानंतर चार वेळा फोन केला. दोन शेड झालेच नाहीत. एका ठिकाणी, कोपऱ्यावरच्या प्लॉटवर, भिंतीचं काम थांबवलं. कोपऱ्यावर दोन्ही रस्त्यांकडून दहा मीटरपर्यंत पक्की भिंत ०.७५ मीटरच चालते, वरचा भाग रेलिंगचा लागतो. वळणावरून येणारं पोर दिसलं पाहिजे म्हणून.

अक्कांनी नोव्हेंबरातच बोलायला हवं होतं, असं मंडळातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पाइप रोवले जात असताना त्यांना काय होणार हे दिसत नव्हतं. सावलीचा त्रास फेब्रुवारीत कळतो, पाण्याचा पावसात. ते आधी ओळखायचं काम घालणाऱ्याचं आणि माझ्यासारख्याचं.

तक्रार लवकर गेली का, यावर मी बराच विचार केला. तक्रार गेली नसती तर जिभाऊ मोजणीला तयार झाले नसते, हे खरं. पण ती मुलाच्या नावाने, होळीच्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी गेली, त्यामुळे उलट तक्रार अटळ झाली. आधी अक्कांच्या सहीचं साधं पत्र जिभाऊंना गेलं असतं, पाण्याचा आणि नऊ इंचांचा मुद्दा मांडून, पंधरा दिवसांची मुदत देऊन, तर बाथरूम त्या फाइलवर आलंच नसतं असं मला वाटतं.

लोकअदालतीसाठी मी जास्त आग्रह धरायला हवा होता. आज दोघांचं बरं चाललंय. पण उद्या यातलं एखादं घर विकलं गेलं तर नवा मालक त्या शंभराच्या स्टँपला बांधील नाही, आणि तिरपी भिंत तिथेच आहे.

आणि एक गोष्ट करारात राहिलीच. सगळी कलमं पत्रे, पाइप, इंच आणि पाण्याची. अक्कांचा आणि त्या तिघी बायकांचा तेव्हाचा हंगाम जवळजवळ निम्मा बुडाला होता. फेब्रुवारी-मार्चचा माल वासाने गेला, होळीच्या पावसात दोन बाजा गेल्या, आणि ऊन परत मिळालं तेव्हा एप्रिलचा शेवट होता. त्या तिघींना मी बैठकीला बोलावलंही नाही, कारण त्यांचं घर त्या भिंतीला लागून नव्हतं. अक्कांनी सही केली आणि कागद घडी घालून ठेवला. पुढच्या फेब्रुवारीत भिंतीवरून त्यांनी जिभाऊंच्या घरी बिबड्यांची पहिली चळत दिली, आणि माझ्याकडे पाठवली तेव्हा त्या तिघींपैकीच एक ती घेऊन आली होती. मी तिला बसायला सांगितलं आणि गेल्या साली किती नुकसान झालं ते पहिल्यांदा विचारलं. तिला आकडा पाठ होता.